‘पडीक’ कोणी ठरवले? विट्याचा माळ, गायरान आणि भूमिहीनांचा वाटा

सरकारी कागदावर एखाद्या जमिनीपुढे ‘पडीक’ असा शेरा पडला की तिचे पुढे काय होणार हे जवळजवळ ठरून जाते. विटा परिसरात, खानापूरच्या घाटमाथ्यावर, तिकडे आटपाडी, जत, कवठेमहांकाळपर्यंत जे माळ पसरले आहेत, त्यांतला मोठा भाग कागदावर असाच आहे. कुठे गायरान, कुठे मुलकी पड, कुठे पोटखराबा. या जमिनीला आता अचानक गिऱ्हाईक आले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला वीज उपकेंद्राजवळची शासकीय जमीन हवी आहे. वृक्षलागवडीच्या मोहिमांना खड्डे काढायला मोकळी जागा हवी आहे. वन्यजीव संवर्धनाचा विचारही अखेर माळापर्यंत पोचला असून २०२३ मध्ये आटपाडीत संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले.

या सगळ्या चर्चेत एक माणूस मात्र गैरहजर आहे. त्याच्या नावावर सातबारा नाही. त्याच्या शेळ्या याच माळावर चरतात. कधी त्याच्या बापाने किंवा आजाने याच गायरानाचा एक तुकडा नांगरून कसायला घेतलेला असतो आणि आजही त्याच्या नावापुढे ‘अतिक्रमणदार’ असेच लिहिलेले असते. बौद्ध वस्त्यांत अशी कुटुंबे कमी नाहीत. धनगर, रामोशी, पारधी यांच्यातही नाहीत.

आपल्या चळवळीत पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय समजला जातो. याला कारणेही आहेत. पण माळाच्या बाबतीत ही समजूत आपल्याला महागात पडते आहे. माळ म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर तो हातातून जातो आहे हेही कळत नाही.

माळ हे मेलेले जंगल नव्हे

महाबळेश्वरच्या माथ्यावर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच ढग सह्याद्री ओलांडून विट्याकडे येईपर्यंत रिते होतात आणि इथे पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. तोही चार महिन्यांत, तुटक तुटक. खाली काळा कातळ, वर कुठे वीतभर तर कुठे चार बोटे मुरमाड माती. अशा जमिनीवर घनदाट जंगल उभे राहत नाही. तिथे गवत राज्य करते. कुसळी, मारवेल, पवन्या. मध्ये मध्ये हिवर, बोर, खैर, बाभूळ, पळस, आणि बांधाकडेला पिवळ्या फुलांचा तरवड. गवत सलग आणि झाडे विरळ, अशा उष्ण प्रदेशांना जगभर सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेतली सेरेंगेटी टीव्हीवर पाहून आपण थक्क होतो. रेणावीच्या घाटातून खाली पाहिले तर जे दिसते ते त्याच जातकुळीचे आहे, हे मात्र शाळेत कोणी सांगितलेले नसते. शाळेत सांगतात की इथे पूर्वी दाट झाडी होती, माणसांनी आणि शेळ्यांनी ती खाऊन टाकली, म्हणून आता झाडे लावा.

या समजुतीला अलीकडे चांगलाच धक्का बसला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माती खणली नाही की उपग्रहाची छायाचित्रे पाहिली नाहीत, मराठी वाङ्मय वाचले. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रापासून पुढच्या काळातल्या ओव्या, आख्याने, देवस्थानांच्या कथा यांत पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाचे वर्णन कसे येते, कोणती झाडेझुडपे येतात, हे त्यांनी नोंदले. ४४ जंगली वनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश उघड्या, गवताळ, काटेरी माळावरच्या निघाल्या. म्हणजे हे माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहेत. ते इंग्रजांच्या कुऱ्हाडीने उघडे पडलेले नाहीत आणि धनगरांच्या मेंढरांनीही नाही. खेड्यातल्या बायकांनी दळताना गायलेल्या ओव्या विज्ञानाच्या पुराव्यात मोजल्या गेल्या, ही गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते. ज्यांचे शब्द दप्तरात कधी आले नाहीत, त्यांचेच शब्द इथे दप्तर खोटे ठरवायला कामी आले.

आता हे गवत जगते कसे, ते थोडे पाहू. गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत असतो. जनावराने वरचे पाते खाल्ले, वणव्याने वरचा भाग जळाला, तरी खालून पुन्हा फुटवा येतो. झाडाच्या रोपाचे तसे नाही, त्याचा शेंडाच गेला की ते मागे पडते. म्हणून चराई, अधूनमधूनची आग आणि लांबलेला उन्हाळा हे तिन्ही मिळून माळ उघडा ठेवतात. ही गवते भर उन्हातली आहेत. त्यांच्यावर दाट सावली पडली की ती मरतात, आणि गवतासोबत पावसाळ्यात कंदांतून उगवणाऱ्या फुलझाडांच्या अनेक जातीही जातात. भारताच्या माळांवर, आणि फक्त तिथेच, सापडणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पतींची यादी संशोधकांनी केली आहे. त्यांतल्या कित्येकांची शास्त्रीय ओळख गेल्या वीस वर्षांत पटली. ज्या जमिनीत काहीच नाही म्हणून शेरा मारला, तिथे काय काय आहे हे मोजणेच अजून संपलेले नाही.

या माळावर लांडगा आहे. भारतीय लांडगा देशभरात मिळून सुमारे तीन हजार उरला आहे, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. तरस आहे, खोकड आहे, धाविक, पखुर्डी, चंडोल असे जमिनीवर घरटे करणारे पक्षी आहेत. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून भोवत्या येतात. या पक्ष्यांना झाड नको असते, उघडे गवत हवे असते. आणि याच गवतावर आटपाडी-माणदेशची खिलार जनावरे आणि जतची माडग्याळ मेंढी घडली.

शेऱ्याचा जन्म

मग या जमिनीला पडीक म्हटले कोणी? १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीनमोजणी सुरू केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. इंदापूरसुद्धा माळाचाच मुलूख. मोजणीचा प्रश्न सोपा होता: या जमिनीतून सारा किती निघेल? ज्या जमिनीतून सारा निघत नाही ती ‘वेस्ट’. तो शब्द मराठीत पडीक, खराबा, मुलकी पड होऊन सातबाऱ्यावर बसला आणि स्वातंत्र्यानंतरही उठला नाही. केंद्र सरकार आजही देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढते आणि त्यात झुडपी जमिनी व चराऊ रानांचा मोठा भाग पडीकच्या रकान्यात दाखवला जातो.

शेऱ्याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने आधी ४ कोटी, मग १३ कोटी, मग ३३ कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे घेतली. एवढी झाडे लावायला जागा लागते, आणि ‘रिकामी’ जागा म्हटले की माळावर बोट ठेवले जाते. महाराष्ट्राच्या कमी-जास्त पावसाच्या पट्ट्यांत केलेल्या आणखी एका अभ्यासात, २०२४ मध्ये, नेर्लेकर आणि सहकाऱ्यांना दिसले की झाडे लावलेल्या माळावर मूळच्या वनस्पती घटतात. नांगरून सोडून दिलेल्या रानातही तेच. माळ एकदा उलटला की तो सहजासहजी पुन्हा माळ होत नाही.

विट्यापासून जवळच, देवराष्ट्रे गावाशेजारी, सागरेश्वर अभयारण्य आहे. १९८५ मध्ये ते जाहीर झाले. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर झाडे लावून, कुंपण घालून, हरणे आणून ते उभे राहिले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. त्या कष्टांविषयी आदरच आहे. दुष्काळाने पिचलेल्या भागात हिरवे काही दिसावे ही ओढ खरी होती. पण सागरेश्वर हा नमुना धरून प्रत्येक डोंगर झाडांनी झाकणे म्हणजेच निसर्ग वाचवणे, असा जो धडा घेतला गेला, तो चुकीचा आहे.

आपल्या आज्यांचा माळ

इथवर वाचून एखादा तरुण म्हणेल, माळाचे एवढे गोडवे कशाला? बरोबर आहे. आपल्या आज्या-पणज्यांसाठी माळ ही रम्य जागा नव्हती. गावात आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला गवताचा भारा आणि चावडीला सरपण पुरवणे ही महारांची वेठ होती. मेलेले ढोर ओढून न्यायचे तेही गावाबाहेरच्या याच रानात. शिवेच्या भांडणात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याच्या पायांना माहीत होते. पण शिवेच्या आतल्या जमिनीचा तो मालक मात्र नव्हता. विट्याशेजारच्या आटपाडीचे शंकरराव खरात यांनी ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र लिहिले. तराळकी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याने ते वाचावे, म्हणजे माळाकडे पाहताना आपल्या डोळ्यांत भाबडेपणा का येत नाही ते समजेल.

म्हणूनच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी अग्रभागी होती. ती न्याय्य होती. लाखो माणसे तुरुंगात गेली. पुढे १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी भूमिहीनांनी गायरानावर कसण्यासाठी केलेली जुनी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. दुसऱ्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मुदत होती. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, अंमलबजावणी मात्र नेहमीचीच. असंख्य कुटुंबांचे दावे अर्धवट पडून राहिले.

यातली अडचण आपण झाकून ठेवू नये. आपल्या मागणीतही ‘पडीक’ हाच शब्द होता. साहेबाने ज्या जमिनीला टाकाऊ म्हटले ती टाकाऊ आहे हे आपणही गृहीत धरले आणि नांगर मागितला. चांगली बागायत, नदीकाठची काळी, मागण्याची सोय व्यवस्थेने ठेवलीच नव्हती. सातबारावाल्यांनी गाळाची जमीन राखली आणि भूमिहीनाच्या वाट्याला माळ दिला, त्यातही पट्टा दिला नाही. आता विज्ञान सांगते की नांगरलेला माळ परत येत नाही. मग उद्या ‘माळ वाचवा’ म्हणत कोणी आले तर पहिली नोटीस कुणाला जाईल?

हा प्रश्न हवेतला नाही. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली. त्यात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्ट आहे, पण तलाठी कार्यालयात पोचेपर्यंत तो गळून पडतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न हाती घेतला तेव्हा राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमित बांधकामे असल्याचे पुढे आले, नोटिसा निघाल्या, आणि सर्वांत आधी झोप उडाली ती पत्र्याच्या घरांची.

माझे मत असे. भूमिहीनांनी मुदतीपूर्वी कसायला घेतलेले दोन-चार एकरांचे तुकडे नियमित झालेच पाहिजेत. माळ त्यांनी संपवलेला नाही. पण जो माळ अजून उभा आहे, त्याच्यासाठी नव्याने नांगर मागणे आता थांबवावे आणि गवतावरचा हक्क मागावा. हे काही कार्यकर्त्यांना पटणार नाही, जमीन मिळाल्याशिवाय माणूस उभा राहत नाही हे ते सांगतील. त्यांना एवढेच विचारतो की मुरमाड, कोरडवाहू दोन एकरांवर उभे राहिलेले घर त्यांनी किती पाहिले? आणि त्याच दोन एकरांऐवजी गावच्या दोनशे एकर गवतात कायदेशीर वाटा असलेले घर कधी उभे करून पाहिले आहे का?

खरी पडीक जमीन

सौर प्रकल्पांचे गणित पाहू. एक मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते, म्हणजे पाच मेगावॉटच्या प्रकल्पाला वीस-पंचवीस एकर माळ कुंपणात जातो. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही मागणी रास्त आहे, रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्याला ते पटवून द्यावे लागत नाही. पण या विजेचा लाभ ज्याच्याकडे विहीर आणि मोटार आहे त्याला, आणि जमीन जाते ती ज्याच्याकडे फक्त शेळी आहे त्याची. ग्रामपंचायतीला योजनेतून प्रोत्साहन रक्कम मिळते. तिच्यात शेळीवाल्याच्या नावाचा रुपया कुठे आहे?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातील कलम २२-अ गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधन घालते. सार्वजनिक प्रयोजन असावे आणि दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसावी, अशी त्याची दिशा आहे. तेव्हा ग्रामसभेत विचारायचा पहिला प्रश्न, दुसरी जमीन शोधली का?

दुसरी जमीन याच जिल्ह्यात आहे. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे वारेमाप पाणी दिल्याने हजारो एकर रान क्षारपड झाले. तिथे पीक येत नाही, माळाचे गवतही येत नाही. खाजगी जमीन भाड्याने घेण्याची सोय याच योजनेत आहे. नापीक झालेल्या त्या जमिनीला मात्र पडीक म्हणून कोणी हिणवत नाही, तिचा मालक कोण हे सगळ्यांना माहीत आहे.

इकडे टेंभू योजनेचे पाणी कराडजवळून उचलून खानापूर-आटपाडीच्या माथ्यावर आले. ते यायलाच हवे होते. पाण्यावाचून या तालुक्यातली माणसे गलाईचे काम करायला देशभर पांगली. पण पाण्यामागून ऊस येतो, उसामागून सपाटीकरण, आणि जेसीबी माळावर चढतो. गेल्या काही वर्षांत गेलेला माळ बहुतांशी असा गेला.

येरळेकाठचा धडा

गवतावर भूमिहीनाचा हक्क ही कल्पना कुणाला नवलाची वाटेल. विट्याच्या माणसाला वाटू नये. याच खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर, बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदार लुटून नेत होते. लोकांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि मर्यादित वाळू स्वतः विकून धरणाला पैसा उभा केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचे नाही, माणसाच्या प्रमाणात वाटायचे, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा असेल, असे तत्त्व त्यांनी मांडले. पुढे नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या पाणी संघर्ष चळवळीने आटपाडीच्या पाणी परिषदांमधून समन्यायी वाटपाची हीच मागणी जिल्ह्याबाहेर नेली. कासेगावला आयुष्य काढलेल्या गेल ऑम्वेट यांनी या लढ्यांविषयी लिहिले आणि बौद्ध धम्माच्या इतिहासावरही. त्यांच्या लेखी हे दोन वेगळे विषय नव्हते.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये शेतजमीन खाजगी मालकीची न ठेवता गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिकपणे कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती. ती कधीच प्रत्यक्षात आली नाही. पण गायरान ही आजही कागदोपत्री कोणा एकाची नसलेली जमीन आहे. सामुदायिक हक्काची सुरुवात करायची तर ती इथूनच करता येईल.

समितीत कोण बसणार?

शेवटचा मुद्दा संवर्धनाचा. सोलापूरजवळच्या नान्नजचे उदाहरण विसरू नये. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, शहरे आली, शेते आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोक पक्ष्याचे नाव काढले तरी चिडू लागले. अखेर ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. लोकांना शत्रू करून ना लोक राहिले ना पक्षी.

आटपाडीचे ९.४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र अभयारण्य नाही, संवर्धन राखीव आहे. शेजारी सातारा जिल्ह्यात मायणीलाही २०२१ पासून असेच पक्षी संवर्धन राखीव आहे. फरक महत्त्वाचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे असे क्षेत्र स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून जाहीर करायचे असते, आणि कलम ३६-ब प्रमाणे त्याच्या व्यवस्थापन समितीत संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. हा प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी कोण असतो, हे गावातल्या कोणालाही विचारा. मेंढपाळ, शेळी पाळणारी विधवा, गायरानाशेजारी राहणारे बौद्ध कुटुंब यांपैकी कोणी तिथे जावे यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. ठरावासाठी ग्रामसभेला जावे लागते, आणि आपली पोरे जयंतीच्या बैठकीला जेवढी येतात तेवढी ग्रामसभेला येत नाहीत.

त्याआधी एक काम हाताशी आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवह्या झाल्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्या ठेकेदाराने टेबलावर बसून भरलेल्या असतात. शेजारच्या गावाची नोंद नाव बदलून उतरवलेली सापडली तरी आश्चर्य मानू नका. ती मागून घ्या आणि आपल्या गावचा माळ तिच्यात आहे का ते पाहा. नसेल तर कुसळी, मारवेल, हिवर, कंद, पक्ष्यांची घरटी, चराईच्या वाटा, कोणत्या वस्तीची किती जनावरे कुठे चरतात, हे सगळे लिहून घ्या. उद्या सौर कंपनी, वृक्षलागवड किंवा कुंपण यांपैकी काहीही आले तरी ही जमीन रिकामी नव्हती हे दाखवणारा कागद हाती असेल. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना यातले जेवढे ठाऊक आहे तेवढे वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरालाही नसते. वेठीत का होईना, गवत त्यांनी कापले आहे.

हे काम पावसाळ्यातच करावे लागते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गवताला तुरे येतात, तेव्हाच जाती ओळखता येतात. याच महिन्यांत आपल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असते आणि वस्ती रोज एकत्र येते. वर्षावासाची सुरुवातच मुळी, पावसात फिरणारे भिक्खू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात या लोकांच्या तक्रारीतून झाली, असे विनयपिटक सांगते. तेव्हा माळावर पाय जरा जपून ठेवा, पण जा. दिवाळीनंतर तुरे झडतात, मार्चपर्यंत सगळे करडे होते. पाहणीला साहेब मे महिन्यात येतो, तेव्हा कोणताही माळ पडीकच दिसतो.